दोन तोंडांचं मडकं

मोरे साहेब मोरे नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, नुसतं नाव ऐकलं, ती माणसं अजून त्यांना घाटावरचे समजतात. ते जपानचे. आडनाव मोरीता. मुरुडच्या पोस्टमननं पहिलं पाकीट आणलं तेव्हा 'मोरे' अशी हाक मारली आणि ते 'हं' म्हणाले. झालं. तेव्हापासून मोरे साहेब.

मी चौथी पास. पाचवीत गेलो, मास्तरांशी वाद झाला, पुन्हा शाळेत पाय टाकला नाही. वाद माझाच खरा होता. तेव्हा लिहिण्यात चुका निघाल्या तर निघोत. मधे शहरातली दोन-चार शिकलेली माणसं वाडीत शहाळी प्यायला आली होती, त्यांनी विचारलं, "नाना, तो जपानी तुमच्याकडे राहून करायचा काय?" मी म्हटलं, "ऐकायचा." ती हसली. म्हणून लिहितोय. मलाही तो माणूस पुरता कळलेला नाही, खोटं कशाला बोलू, पण न कळलेल्याला हसायची आमच्या घरात रीत नाही.

खाडीपलीकडं एक मोठा कारखाना आहे. तिथं यंत्रं बसवायला ते आले होते आणि उमेदीची सगळी वर्षं तिथंच गेली. कामगारांकडून हिंदी-मराठीची मिसळ शिकले. निवृत्त झाल्यावर बाकीचे साहेब आपापल्या देशी गेले, हे मुरुडला लॉजवर येऊन राहिले. एका दुपारी रस्त्यावरून चालत आले, माझ्याकडे शहाळं प्यायले, हात धुवायला विहिरीजवळच्या दगडी डोणीपाशी गेले आणि तिथंच उकिडवे बसले. उठेचनात. मला वाटलं ऊन लागलं.

"काय साहेब, बरं वाटत न्हाय?"

मग म्हणाले, "पाणी कुठं जातं?"

"कुठं जायचंय? जमिनीत जातं."

"आवाज करून जातं."

"पाणी हाय ते, आवाज करणारच. मुकं पाणी तुमच्याकडं असंल."

मी शहाळ्याची सालं गोळा केली, कोयता पुसला, तरी हे बसलेले. शेवटी म्हणाले, "खोली मिळेल?"

वाडीच्या टोकाला माझी एक खोली रिकामी होती. ती दिली.

त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं, लपवाछपवी नाही. डाव्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "बंद." उजव्या कानाला लावला आणि म्हणाले, "बंद होणार." डावा कान यंत्रांनी खाल्ला होता आणि उजवाही हळूहळू जाणार, त्याला इलाज नाही, असं डॉक्टर बोलले होते. तिकडे मुलगी होती, युमी. ती फोनवर ओरडायची. रागानं नव्हे, बापाला ऐकू जावं म्हणून. ओरडून म्हणायची, इकडं या, माझ्याजवळ राहा. हे म्हणायचे, येतो, एक आवाज ऐकायचा राहिलाय.

तो आवाज असा. त्यांच्या आईच्या घरी हात धुवायच्या दगडाखाली एक मडकं उलटं पुरलेलं होतं. मडक्याच्या बुडाला भोक. बूड वर, तोंड खाली. हात धुतले की पाणी खड्यांमधून झिरपायचं, भोकातून थेंब थेंब आत पडायचं, खाली थोडं पाणी साठलेलं असायचं त्यावर, आणि मडकं आतून वाजायचं. आई पहाटे तोंड धुवायची त्या आवाजानं हे जागे व्हायचे. पुढं ते घर पाडलं, तिथं आता मोटारी उभ्या राहतात. मी म्हटलं, मग तिकडंच दुसरं मडकं पुरा की. तर म्हणाले, मुलीचं घर पार वरच्या मजल्यावर, पुरायला जमीन नाही. कान जायच्या आत तो आवाज एकदा ऐकायचा, एवढं एक काम घेऊन हा माणूस माझ्या वाडीत राहायला आला.

मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं, की एवढ्यासाठी कुणी राहतं का? पण राहिले.

त्यांची बोलायची तऱ्हा वेगळी. मला नाना-सान म्हणायचे, आपण नानासाहेब म्हणतो तसं. आपण काही विचारलं की लगेच उत्तर नाही. आधी एक खड्डा पडायचा. त्या खड्ड्यात मी किती वेळा पडलो असेन. वाटायचं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी तेच पुन्हा मोठ्यानं विचारायचो, आणि नेमकं तेव्हाच ते पहिल्याचं उत्तर द्यायचे. दोघांचं बोलणं एकावर एक. मग ते मान वाकवून माफी मागायचे, आणि चूक त्यांची की माझी हे मला कळायचं नाही.

पण दुसरा बोलत असला की मात्र त्यांचा हुंकार अखंड. आमच्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. माझी आत्या गोष्ट सांगायची तेव्हा पोरांतल्या एकानं 'हूं, हूं' करत राहायचं, हुंकार थांबला की आत्या झोपायला निघायची. मोरे साहेब समोर असते तर आत्याची गोष्ट सरलीच नसती. 'हं', 'हंहं', 'होऽ', 'ओऽ', मानेला सारखा हेलकावा. कुणालाही वाटावं, या माणसाला आपलं बोलणं अमृतासारखं लागतंय.

यात फसला आमचा शेजारी नथू. नथू बोलायला लागला की भरतीसारखा, आपली वेळ झाल्याशिवाय ओसरत नाही. गावच्या क्रिकेटच्या सामन्यांचा सगळा कारभार त्याचा. तो एका संध्याकाळी मोरे साहेबांसमोर बसला आणि सामने कसे, मैदान कसं, पाहुणा म्हणून तुम्हीच कसे पाहिजेत, सगळं बोलून गेला. साहेब हं हं करत होते. सामन्यांच्या दिवशी सकाळी नथू तणतणत वाडीत आला.

"नाना, तुमचा जपानी फिरला! बॅनरवर फोटो छापलाय, हार आणलाय, आणि हा इथं बगळ्यासारखा बसलाय!"

मोरे साहेब उठून उभे राहिले. खड्डा पडला. मग म्हणाले, "मी येतो असं नाही म्हणालो."

"मग हं हं हं हं काय व्हतं ते? पोटात कबुतर शिरलं व्हतं?"

"तुम्ही बोलत होता. मी इथं आहे, असं सांगत होतो."

नथू माझ्याकडे बघायला लागला. मी माडाकडे बघायला लागलो.

शेवटी गेले ते. नवा सदरा घालून गेले. गळ्यात हार पडला, कॉमेंट्रीवाल्यानं नाव पुकारलं, हातात माईक दिला. आणि मोरे साहेब गप्प. उभे आहेत, माईक धरलाय, समोर बघताहेत, बोलत नाहीत. आधी माणसं हसली, मग कुजबुजली, मग तीही गप्प झाली. सबंध मैदान गप्प. नथूनं पुढं होऊन माईकवर टिचक्या मारल्या, "हॅलो, हॅलो, चेक." वाजत होता की चांगला! तेव्हा साहेब म्हणाले, "सुरूच्या झाडांपलीकडं समुद्र ऐकू येतो. धन्यवाद." आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. नथू घरी जाताना मला म्हणाला, "माईक खराब व्हता, मी सुधरवला तेव्हा बोलला." मी त्याला विरोध केला नाही. विरोध करायला माझ्याकडं दुसरं काही कारण नव्हतं.

उन्हाळ्यात त्यांनी खोलीच्या दारात एक काचेची घंटी टांगली. एवढीशी, खाली कागदाची पट्टी. वारा आला की 'तिन्' वाजायची. मी घामानं निथळत पाण्याची पाळी करून आलो, तर म्हणतात, "गार वाटतं ना?"

"खोलीत पंखा हाय की. लावा."

"पंख्यानं अंग गार होतं," म्हणाले आणि थांबले. दुसऱ्या कशानं काय गार होतं ते सांगितलंच नाही. मी त्या घंटीखाली मुद्दाम उभा राहिलो. वाजली. पुन्हा वाजली. मला आपलं उकडतच होतं. पण आमची मंडळी, तिला गाव नानी म्हणतं, ती पलीकडून सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "खरंच की वो, जरा झुळूक आल्यासारखं वाटतं." झुळूक काय, पान हलत नव्हतं तेव्हा!

नानीचं आणि त्यांचं लवकर जमलं. एक तर ते आमटीचा भुरका असा मारायचे की पार विहिरीवर ऐकू जावा. आमच्या जावयानं भुरका मारणं सोडलंय, मुंबईला राहतो, चमच्यानं खातो. त्यामुळे नानीला भुरक्याचं फार कौतुक. "जेवणारा असा पायजे," म्हणायची, "रांधणाऱ्याला कळतं तरी."

दुसरं म्हणजे आवाजांची देवघेव. पाऊस त्यांच्याकडं कसा वाजतो ते त्यांनी सांगायचं, आमच्याकडं कसा ते हिनं. त्यांचा जोराचा पाऊस 'झाऽ झाऽ', बारीक पाऊस 'शितो शितो'. हिनं सांगितलं, आमचा रिपरिप, पानावर टपटप, कौलावर ताडताड, पन्हळीतून धो धो. दोघं ओसरीवर बसून हे असलं बोलायची, जसा काही संसाराचा हिशेब चाललाय. एकदा मी म्हटलं, आणि तुमच्याकडं तो बर्फ पडतो, तो कसा वाजतो?

"शिन शिन."

"म्हंजे कसा?"

"वाजत नाही. काहीच वाजत नाही, त्याचा आवाज."

"आवाजच न्हाय तर त्याला नाव कशाला?"

त्यांचा खड्डा पडायच्या आत नानीच बोलली, "अवो, देव दिसतो का? तरी नाव हाय ना?"

माझी बायको माझ्या विरुद्ध गेली याचं मला वाईट वाटलं नाही. ती परक्या माणसाच्या बाजूनं एवढ्या झटकन गेली, याचं नवल वाटलं.

आणि एवढं सगळं ऐकणारा माणूस, पण संडासात गेला की आतला नळ सोडून ठेवायचा. बदाबदा पाणी. मी दोनदा पंप बंद केला, ओरडलो. एकदा स्पष्टच विचारलं. तेव्हा कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "आवाज. दुसऱ्यांना." म्हणजे जगातले सगळे आवाज यांना पाहिजेत, पण आपला एक आवाज जगाला जाता कामा नये! नानी पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "बादली ठेवा आत, बादलीत सोडा, मग मिरच्यांना घाला ते पाणी." तसं ठरलं.

मग मडक्याची गोष्ट.

मुरुडच्या बाजारात एक कुंभार बसतो. मडकं घ्यायला मोरे साहेब निघाले, तर नानी म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय, मी येते." बायका मडकं घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतात, चीर असली तर बद्द बोलतं, धड असलं तर खणकन. तशी ही वाजवायला लागली. साहेब तिच्या शेजारी बसले आणि तेही वाजवायला लागले, चांगला कान मडक्याकडं करून. हिनं एक वाजवायचं, 'हं?' म्हणायचं, त्यांनी मान हलवायची. त्यांनी एक वाजवायचं, हिनं तोंड वाकडं करायचं. पुढं माणसं खोळंबली. कुंभार म्हणाला, "नानी, मडकं घेताय का भजन करताय?"

शेवटी दोघांच्या पसंतीचं एक मिळालं. ते कशाला पाहिजे ते साहेबांनी मला सांगितलं होतं, तिला नाही. मीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं तिला माहीत असेल, रोज तर बोलत बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब अंगणात बसले, मडकं पालथं घातलं आणि एक खिळा, एक लहान हातोडी घेऊन बुडाला भोक पाडायला लागले. टक, टक. नानी बाहेर आली आणि तिनं जी आरोळी मारली ती नथूच्या घरापर्यंत गेली.

"अवो! हा माणूस दारात मयताचं मडकं करतोय!"

आता तुम्हाला सांगायला नको. मडक्याला भोक आपण एकदाच पाडतो. प्रेताभोवती फिरताना खांद्यावर मडकं, फेऱ्यागणिक त्याला दगडानं भोक, आणि शेवटी मागं टाकून फोडायचं. जित्या घराच्या दारात भोकाचं मडकं म्हणजे कुणाचं तरी बोलावणंच.

मी म्हटलं, "अगो, त्यांच्याकडं तशी रीत हाय. वाजवायचं मडकं हाय ते."

"त्यांची रीत त्यांच्याकडं."

"माझ्या वाडीत काय पुरायचं ते मी ठरवीन."

"पुरा. त्याच्या शेजारी मला पण पुरा."

चूल पेटली नाही त्या दिवशी. साहेब ते मडकं घेऊन कुठंतरी गेले, रिकाम्या हातानं परत आले. संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर येऊन बसले, तिच्यापुढं मान खाली घातली आणि म्हणाले, "मला माहीत नव्हतं. सांगा."

मला वाटलं ही आत निघून जाईल. ती बोलायला लागली. आमचा थोरला मुलगा तापानं गेला, त्याचं लग्न व्हायच्या आधीच. त्याचं मडकं मी खांद्यावर घेतलं होतं, बापानं लेकाचं. बायका काही तिकडं येत नाहीत, तिनं ते पाहिलेलं नाही. पण भोक पडल्यावर मागं पाणी पडत जातं, त्याचा आवाज कसा आला असेल, हे ती इतकी वर्षं मनात ऐकत होती. असं ती त्यांना सांगत होती. साहेब हं म्हणत नव्हते. पहिल्यांदाच हुंकार नव्हता. आणि तरी ती बोलत राहिली.

मी उठून वाडीत गेलो. इतक्या वर्षांत मला हे कधी बोलली नाही. मी काय तिला नको म्हटलं असतं? विचारलं नव्हतं हे खरं. पण असलं कुणी विचारतं का?

सकाळी चहा देताना तिनंच तोड काढली. म्हणाली, "भोक पाडायचं न्हाय. कुंभाराला सांगून ओल्या मातीतच ठेवून घ्यायचं. पाडलं तर भोक. जन्मताच असलं तर ते भोक न्हाय, तोंड."

मी म्हटलं, "काय फरक पडला?"

साहेब म्हणाले, "पुष्कळ." दोघांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी चहा घेऊन बाहेर गेलो.

कुंभार कुरकुरला. दोन तोंडांचं मडकं माझ्या बापानं केलं नाही, म्हणाला. नानी म्हणाली, "मग तू कर, नाव काढ." केलं त्यानं. जाड, पोटाळ, एक तोंड मोठं, एक बोटभर. भाजून आणलं तेव्हा हिनं आणि साहेबांनी पुन्हा टकटक करून बघितलं, आणि दोघं एकदम हसली.

डोणीपाशी खड्डा मी खणला. तळाला शेतातली चिकणमाती चोपून घेतली, म्हणजे थोडं पाणी धरून राहील. त्यावर मडकं पालथं, भोवती विटांचे तुकडे, वर समुद्रावरचे गुळगुळीत गोटे. गोटे टाकायच्या आधी वरच्या तोंडाला नानीनं हळदकुंकू लावलं होतं. साहेबांनी डोणीतलं पाणी तांब्यानं सोडलं आणि उजवा कान गोट्यांवर टेकून आडवे झाले, नव्या सदऱ्यासकट.

बऱ्याच वेळानं उठले. मान हलवली. "बद्द," म्हणाले. नानीचाच शब्द.

माती सैल होती. पावसाळ्यात ती बसेल, मडक्याभोवती आवळेल, तळाशी पाणी धरेल, मग वाजेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सबंध पावसाळा थांबायचं. कान थांबेल का हे मी विचारलं नाही. युमीचा फोन आला तेव्हा हे तिला गणपतीनंतर, गणपतीनंतर म्हणत होते. 'गणपती' एवढं मला कळलं.

पण त्या पावसातच त्यांचा उजवा कान उतरला. नानी आवाज सांगायची, ते मान पुढं करून 'काय?' म्हणायचे. काचेची घंटी त्यांनी काढून आत ठेवली. का काढली विचारलं तर म्हणाले, हलते, दिसते, वाजत नाही, त्याचा त्रास होतो. मी हाक मारली की भलत्याच बाजूला बघायचे. नथू येऊन बोलत बसायचा, ते हं हं करायचे, पण नथू उठून गेल्यावरही एखादं हं यायचं. रोज मात्र गोट्यांवर तांब्याभर पाणी सोडून कान टेकून झोपणं चुकलं नाही. उठले की सदऱ्याला चिखल आणि तोंडावर काहीच नाही.

गणपती गेले. एका सकाळी ऊन पडलं होतं आणि साहेब कुलूप लावलेल्या खोलीबाहेर चावी हातात धरून उभे होते, काय करायचं ते विसरल्यासारखे. मी जवळून हाक मारली, वळलेच नाहीत. त्या दिवशी ते मुंबईला गेले, दवाखान्यात. युमी विमानानं तिथंच आली. पुढल्या आठवड्यात दोघं सामान न्यायला वाडीत परतली. पोरगी बारीक, थकलेली, हिंदी-मराठी काही नाही. तिनं माझ्यासमोर हात जोडले आणि आपल्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले. मला कळलं. उजवाही मिटला होता.

साहेब सरळ डोणीकडे गेले. तांब्या भरला, गोट्यांवर पाणी सोडलं, सवयीनं. आडवे झाले नाहीत. उभे राहून आमच्या तोंडाकडं बघत राहिले.

आणि नानीनं गालाला हात लावला. "अगो बाय! खालून कोण वाजवतंय?"

मीही ऐकलं. खोटं नाही. जमिनीतून येत होतं, लांबून, पितळेच्या भांड्याला नखानं छेडावं तसं, पण ओलं. एक बारीक, एक ठसठशीत, पुन्हा बारीक. युमी तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. साहेबांनी तिघांची तोंडं बघितली आणि त्यांना कळलं की वाजतंय. मडकं वाजतंय आणि कान नाही.

मला म्हणाले, "नाना-सान, सांगा." त्यांचा स्वतःचा आवाज आता वेडावाकडा झाला होता, मोठा.

काय सांगू? सांगितलेलं ऐकू कुठं येणार? लिहून द्यावं तर माझी मराठी त्यांना वाचता येत नाही. मी तोंडानं 'टिण' केलं, ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. नानी म्हणाली, "अवो, हात धरा की त्यांचा!"

मी त्यांचा तळवा घेतला. थेंब पडला, मी बोट टेकवलं. बारीक पडला, नखानं टेकवलं. ठसठशीत पडला, बोटाचा गर टेकवला. त्यांनी डोळे मिटले. असं किती वेळ चाललं, सांगता येत नाही. माझं काम सोपं नव्हतं. माड बोलत होते, नथूच्या घरी मिक्सर लागला होता, युमी रडत होती, त्या सगळ्यातून तेवढा थेंब निवडायचा. निवडला की नाही, देव जाणे. काही वेळा थेंब आधी पडला की माझं बोट आधी पडलं, हे मला आजही सांगता येत नाही.

पाणी सरत आलं. थेंब लांब लांब पडायला लागले. मग एक थेंब आलाच नाही. मी बोट वर धरून थांबलो. साहेबही थांबले. येत नाही, येत नाही. आणि त्या वेळी, काहीच वाजत नव्हतं त्या वेळी, तो माणूस हसला. आतून, लहान पोरासारखा. मी नानीकडं बघितलं, म्हटलं, "थेंब पडलाच न्हाय!" ती म्हणाली, "गप बसा. शिन शिन."

मांडव्याला, मुंबईच्या बोटीवर पोचवायला मी गेलो. नानीनं डब्यात आमटी दिली होती, ती युमीनं उराशी धरली होती. धक्क्यावर ही गर्दी, ओरडा, लाउडस्पीकर, बोटीच्या इंजिनाची धडधड. माणसं कानावर हात घेत होती. साहेब माझ्यासमोर कमरेत वाकले, इतके की मागच्या माणसाला त्यांची पिशवी लागली. मीही वाकलो, जमेल तेवढा.

बोट निघाली. वरच्या मजल्यावर कडेला बसलेले दिसत होते. युमी त्यांच्या शेजारी फोनवर काही बघत होती. साहेबांनी डोळे मिटले होते. एक हात मांडीवर. दुसऱ्या हाताचा तळवा बोटीच्या लोखंडी कठड्यावर सपाट टेकवलेला, बोटं पसरलेली, आणि मान हळूहळू हलत होती, कुणी काही सांगत असावं आणि हे ऐकत असावेत तशी. मी बोट बारीक होईपर्यंत बघत उभा राहिलो. मग माझ्या बाजूच्या, धक्क्याच्या कठड्यावर हात ठेवून बघितला. गार होता. बाकी मला काही कळलं नाही.